दादाचा फोन

मी दारात चपला काढत असायचे, तेवढ्यात आतल्या पलंगावरून आईचा प्रश्न यायचा, "फोन आला काय तुह्या दादाचा?"

अकरा महिन्यांत एक दिवस खाडा नाही. मीही खाडा केला नाही. खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच मोठ्यानं ओरडून सांगायचे, "हव, दुपारी आला होता. मजेत हाये." मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या पाणी प्यायचे. दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मे महिन्यातच वारला होता.

तो ओडिशात एका कारखान्याच्या बांधकामावर सुपरवायझर होता. ड्यूटीवरून खोलीवर आला, छातीत दुखतंय म्हणून आडवा झाला आणि उठलाच नाही. साठीही गाठली नव्हती. नेमक्या त्याच आठवड्यात इथे रायपूरला आईच्या छातीत पेसमेकर बसवला होता. डॉक्टर म्हणाले, काही दिवस धक्का बसेल असं काही सांगू नका. काही दिवस म्हणजे किती, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वहिनी नागपूरला, म्हणून दादाला तिकडेच आणलं होतं. माझ्या लेकीला दवाखान्यात आईजवळ ठेवून मी नागपूर गाठलं. आईला सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. पाच दिवसांनी परत आले तर आई घरी आलेली, पलंगावर बसलेली. तिनं विचारलं, "फोन आला काय तुह्या दादाचा?" मी म्हटलं, हव.

एकदा हव म्हटलं की मग रोज म्हणावं लागतं.

हे इतके महिने निभलं कसं, असं कोणालाही वाटेल. त्याचं कारण आईचे कान. फोनवर तिला काहीच ऐकू येत नाही. दादा होता तेव्हाही फोन मीच घ्यायचे आणि तो काय म्हणतो ते तिला ओरडून सांगायचे. समोर बसलेल्या माणसाचं मात्र ती निम्मं कानांनी आणि निम्मं ओठांवरून बरोबर समजून घेते. विहारातल्या बायकांना मी आधीच हात जोडून सांगून ठेवलं होतं. शेजारीपाजारीही गप्प राहिले. आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, रेल्वेच्या जुन्या लोकांचा, विदर्भातून आलेल्या बौद्धांची पंधरावीस घरं, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागणारे. बातम्या पसरवण्यात तरबेज असलेली ही माणसं एक गोष्ट एवढे दिवस पोटात ठेवू शकतात, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

खोटं बोलायला मेहनत लागते, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. आई नुसत्या 'मजेत हाये'वर ऐकत नसे. "जेवला काय? काय जेवला म्हणे?" मग मला मेनू ठरवावा लागे. एकदा मी म्हटलं, मासे खाल्ले. एकदा सांगितलं, साइट बदलली, नव्या ठिकाणी नेटवर्क नाही, म्हणून कमी फोन करतो. दिवाळीला आला नाही तर सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. मागे काय सांगितलं होतं हे लक्षात ठेवायचं, त्याला जुळेल असं पुढचं सांगायचं. ऑफिसात फाइली जुळवायच्या आणि घरी येऊन हे. नवऱ्याची बदली बिलासपूरला, तो रविवारी येतो, जेवतो आणि झोपतो. लेक कॉलेजात. तिला मी म्हटलं, आजीजवळ जरा बस, बोल तिच्याशी, तर म्हणाली, "मम्मी, मुझसे नहीं होता. नानी मामा का पूछती हैं तो मैं क्या बोलूँ?" तीही बरोबरच होती. म्हणून मामाचं खातं सगळं माझ्याकडेच राहिलं.

हिवाळ्यात एकदा मी आईवर ओरडले. बस चुकली होती, डोकं दुखत होतं, कणीक भिजवायची होती. तिनं तिसऱ्यांदा विचारलं आणि मी म्हटलं, "किती वेळा विचारशीन? सांगितलं ना, आला होता म्हणून!" आई म्हणाली, "बरं माय." त्या रात्री मी न जेवताच झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात पाय ठेवला तर प्रश्न पुन्हा तयार. मला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली, आणि या दोन्हींचा मिळून भयंकर कंटाळा आला.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात कोणी एक तरुण बाई ट्रेनिंग द्यायला आली. नवा रायपूरच्या त्या थंडगार हॉलमध्ये आम्हा चाळीस जणांना तिनं माइंडफुलनेस शिकवलं. प्रत्येकाच्या हातावर एक एक किसमिस ठेवली. म्हणाली, हिला आधी बघा, मग हुंगा, मग जिभेवर ठेवा, चावू नका. मी तोपर्यंत गिळून मोकळी झाले होते. सकाळी सातला डबा भरून निघालेलं माणूस किसमिस हुंगत बसेल, हे तिला वाटलंच कसं? बाजूच्या भैयांनी स्वतःची किसमिस माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघं हसलो. शेवटी तिनं विचारलं, या क्षणी तुमचं मन कुठे आहे? मी मनात म्हटलं, ताई, बस रोज अडकते त्या तेलीबांध्याच्या सिग्नलला.

हसू आलं त्याला दुसरंही कारण होतं. आम्हाला हे शिकवायला बाहेरून माणूस लागावं का? आईनं आम्हा दोघा भावंडांना लहानपणीच श्वासावर लक्ष ठेवायला शिकवलं होतं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये खाटेवर बसवायची, म्हणायची, आत गेला पाहा, बाहेर आला पाहा, बाकी काही करू नका. दादा दोन मिनिटांत झोपायचा. मी डोळे किलकिले करून आईकडे पाहायचे. ती बसलेली असायची ते खरंच बसलेली असायची. तांदूळ निवडतानाही तशीच. बाबा तिची थट्टा करायचे, घराला आग लागली तरी ही आधी तांदूळ निवडून घेईल. मला ते कधी जमलं नाही. माझे हात एकीकडे आणि डोकं दुसरीकडे, हे माझं जन्माचं आहे.

वंदना मात्र आमच्या घरी रोज होते. संध्याकाळी दिवे लागले की बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती लावायची, आई पलंगाच्या कडेला हात जोडून बसते, मी खाली चटईवर. आधी त्रिशरण, मग पंचशील, मग वंदना. पूर्वी आई सांगायची आणि मी मागून म्हणायचे. दवाखान्यातून आल्यावर तिला धाप लागू लागली, तेव्हापासून मी म्हणते आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत ओठ हलवते. सगळ्यात शेवटी आमच्या घरची एक पद्धत आहे. झाल्या वंदनेचं पुण्य घरातल्या गेलेल्या माणसांना द्यायचं, एकेकाचं नातं घेऊन. बाबा, आजी, आबा, मोठी मावशी. आईच्या आईकडून आलेली पद्धत, विहारात असं नाही. पण आम्ही ती सोडली नाही.

पाच शिलांपैकी चारांची मला काळजी नव्हती. जीवहत्या म्हणाल तर डास सोडून मी कोणाला मारत नाही. चोरी करत नाही. तिसऱ्या, व्यभिचार न करण्याच्या शिलाचा भंग करायला जी फुरसत लागते ती माझ्याकडे नाही. दारूचा प्रश्नच नाही. पण चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तिथे आलं की रोज जीभ जड व्हायची. पंधरा मिनिटांपूर्वी मी पिशवी खांद्यावर असताना काय बोलले ते आठवायचं. आणि समोर तीच बाई हात जोडून माझे ओठ पाहत असायची. मी भरभर म्हणून टाकायचे. एकदाचं चौथं पार पडलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग तोंड आपोआप चालू आणि डोकं सिलिंडर, उद्याची भाजी, कूलरची गवताची जाळी बदलायची राहिली, असल्या गोष्टींत. वंदना कधी संपली हे बहुतेक वेळा मला मेणबत्ती विझवतानाच कळायचं.

एप्रिल लागला आणि वहिनीचा फोन आला. वर्ष होत आलं होतं. दादाचा पहिला स्मृतिदिन तिनं नागपूरला ठेवला होता, भन्तेजींना सांगितलं होतं, जेवण ठरवलं होतं. म्हणाली, "ताई, आईले आणान ना तुम्ही? आता तरी सांगा. पहिल्या वर्षाले आई नसन तर कसं दिसन?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारते. विचारलंही. डॉक्टर म्हणाले, त्यांची तब्येत चांगली आहे, आता कशाला लपवता? म्हणजे माझ्याकडे होतं नव्हतं ते कारणही गेलं.

मला भीती तिच्या हृदयाची होती, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे मला भीती तिच्या पहिल्या प्रश्नाची होती. ती विचारणार, कधी गेला? मी सांगणार, मे महिन्यात. मग ती मागचे सगळे दिवस मोजणार, ते सगळे फोन, ते मासे, ती दिवाळीची सुट्टी. माझी आई कोण होती हे पाऱ्यातल्या कोणालाही विचारा. तरुणपणापासून कोणाच्याही घरी मयत झाली की पहिलं बोलावणं तिला असायचं. ती पांढरं लुगडं नेसून जायची आणि त्या घरच्या सगळ्यात मोडलेल्या माणसाला बरोबर ओळखून त्याच्या शेजारी जाऊन बसायची. काही समजावत नसे. रडू नका असं तर तिनं जन्मात कोणाला म्हटलं नाही. मयत नेऊन माणसं परत आली, घर धुऊन झालं, सगळे पांगले तरी ही तिथेच. आम्हाला शाळेतून आल्यावर कुलूप दिसलं की समजायचं, कोणीतरी गेलं. आणि अशा बाईपासून मी मरण लपवलं होतं, तेही तिच्या पोटच्या पोराचं.

तीन वेळा सांगायला बसले आणि तीन वेळा उठले. एकदा दूध उतू गेलं, एकदा लेक आली, एकदा नुसतीच हिंमत झाली नाही. मग एका बुधवारी ठरवलं, आज काही झालं तरी सांगायचं. नवा रायपूरहून येताना बसमध्ये वाक्यं जुळवली. आई, दादा गेला. आई, दादा आता नाही. आई, मी तुझ्याशी खोटं बोलले. तेलीबांध्याच्या तलावापाशी गर्दीत बस अडकली तेव्हा तिसरं वाक्य पहिलं घ्यायचं ठरवलं.

दारात चपला काढल्या. आतून आवाज आला, "फोन आला काय तुह्या दादाचा?"

"हव," मी म्हटलं, "दुपारी आला होता."

तोंडातून निघूनच गेलं. मी तिथेच पायरीवर बसले. इतकी थकले होते की स्वतःवर चिडायचीही ताकद नव्हती. लेक क्लासला गेली होती, घरात आम्ही दोघीच. मग उठून हातपाय धुतले, मेणबत्ती लावली, चटईवर बसले. त्रिशरण झालं. तीन शिलं झाली. चौथ्याला माझा आवाज बंद झाला. शब्द पाठ होते, पण म्हणवेचना.

आई म्हणाली, "म्हण ना."

"आई, मले तुले काही सांगायचं हाये."

"आधी वंदना पुरी कर. अर्ध्यात नाई सोडत."

मी पुरी केली. चौथं म्हटलं, पाचवं म्हटलं, पुढचं सगळं म्हटलं. पण त्या दिवशी सिलिंडर नाही, भाजी नाही, काही डोक्यात येईना. पुढे काय सांगायचं आहे या भीतीनं मी शब्द न् शब्द धरून बसले होते. शेवटी गेलेल्यांची नाती घ्यायला लागले. बाबा. आजी. आबा. मोठी मावशी. दादा.

मी माझाच आवाज ऐकला आणि गार पडले.

आई माझ्या ओठांकडे पाहत होती. तिचे हात जोडलेलेच होते. म्हणाली, "हव. रोजच घेऊन राहिली तू त्याचं नाव. नागपूरवरून आली तवापासून."

मग मला कळलं. नागपूरला ते पाच दिवस वंदना मीच म्हणत होते आणि तिथे यादीत दादा असायचाच. जिभेला ती सवय लागली. इथे आल्यावर मी रोज दारात त्याला जिवंत ठेवायचे आणि पंधरा मिनिटांनी मूर्तीपुढे बसून त्याला गेलेल्यांत घालायचे, आणि अकरा महिने मला त्याचा पत्ता नव्हता. शेजारणींची तोंडं बंद केली होती मी. माझंच तोंड उघडं होतं.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं. "मंग रोज काहून विचारत होती, फोन आला काय म्हणून?"

"तू सांगशीन म्हणून." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. "मले वाटे, आज सांगन, आज नाई तं उद्या सांगन. म्हणून रोज विचारो. मी कशी म्हणू का मले माहीत हाये? तू तं त्याले मासे खाऊ घालून राहिली होती." मग म्हणाली, "त्याले मासे कुठं आवडत होते."

मला हसू आलं की काय झालं मला सांगता येणार नाही. मी विचारलं, मग तू एकटीच सहन केलंस? ती म्हणाली, पोट्टी कॉलेजात आणि मी ऑफिसात गेले की दुपारी घर रिकामं असतं. तेवढा वेळ तिला पुरे होता. ती हे मला दुखवायला म्हणत नव्हती. दुपारी भांडी घासणारी येऊन जाते, हे सांगावं तसं सांगत होती. पण मी ज्या दुपारचे खोटे फोन तिला सांगत होते त्याच दुपारी ती इथे एकटी बसून मुलासाठी रडत होती, हे मी ऐकलं आणि मला माझी घृणा आली. तिला धक्का बसू नये म्हणून मी हे केलं नव्हतं. मला तिच्या तोंडावर ते सांगायचं नव्हतं, म्हणून केलं होतं.

"मले माफ कर आई," मी म्हटलं.

तिनं ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. तिला दुसरंच काही हवं होतं. विचारायला लागली. कोणत्या दिवशी गेला? घरी आणला तेव्हा ऊन होतं काय? कपडे कोणते घातले होते? मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच जे झालं ते तसंच. काही जुळवावं लागलं नाही. तिनं मान हलवत ऐकून घेतलं. मग विचारलं, "सुनेजवळ कोण बसलं होतं?"

"तिची आई होती. बहिणी होत्या."

"मंग बरं झालं." तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. मग म्हणाली, "आन् तुह्याजवळ?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, माझ्याजवळ कशाला? मी धावपळीत होते. गाडी ठरवायची होती, मंडपवाला होता, ओडिशाचे कागद होते, येणाऱ्यांचं चहापाणी होतं. मग लगेच इथे यायचं होतं, तू दवाखान्यात होतीस.

"ते नाई विचारून राहिली मी. तुह्याजवळ कोण बसलं होतं?"

"कोणी नाई," मी म्हटलं.

आईनं गुडघ्यांवर हात टेकले आणि पलंगावरून उतरायला लागली. मी म्हटलं, काय पाहिजे ते सांग, मी देते. तिनं ऐकलं नाही. पलंगाचा पाया धरून, दोन ठिकाणी थांबून श्वास घेत ती खाली चटईवर आली. पेसमेकर बसवल्यापासून ती एकदाही जमिनीवर बसली नव्हती. माझ्या बाजूला, मांडीला मांडी लागेल अशी बसली, पदर सारखा केला आणि समोर पाहत राहिली.

तेव्हा मी दादासाठी पहिल्यांदा रडले. आईनं मला गप्प केलं नाही.